ग्रंथालयातील कलावस्तू : प्रकाशाचा हिशेब

मुंबईच्या फोर्ट विभागात, ओव्हल मैदानाच्या कडेला उभा असलेला राजाबाई मनोरा पाहिला नाही असा मुंबईकर विरळा. मात्र मान उंचावून पाहणाऱ्याची नजर बहुधा घड्याळावर जाऊन थांबते. हा मनोरा म्हणजे एका ग्रंथालयाच्या इमारतीचा भाग आहे आणि ते ग्रंथालय मुंबई विद्यापीठाचे आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात असते. वळणाचा जिना चढून वरच्या वाचन-दालनात गेले की, ही वास्तू केवळ पुस्तके ठेवण्यासाठी बांधलेली नाही याचा प्रत्यय येतो. टोकदार कमानींच्या उंच खिडक्या, त्यांत बसविलेल्या रंगीत चित्रकाचा, कोरीव दगडी स्तंभशीर्षे आणि वर उंच गेलेले छत. दुपार कलली की मैदानाच्या बाजूने, म्हणजे पश्चिमेकडून, ऊन येते आणि काचांतले निळे, तांबडे, पिवळे रंग जिवंत होतात. ऊन नसेल तर ही कला नाहीच, असे म्हणावयास हरकत नाही.

याच ग्रंथालयाच्या संग्रहात कलेचा दुसरा एक प्रकार आहे. संस्कृत, प्राकृत, फारसी, अरबी आणि उर्दू हस्तलिखितांचा मोठा ठेवा विद्यापीठाकडे आहे. त्यांतील फारसी, अरबी व उर्दू हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची शेख अब्दुल कादिर सर्फराज यांनी सिद्ध केली आणि ती १९३५ साली प्रसिद्ध झाली. संस्कृत-प्राकृत पोथ्यांची सूची प्रा. गो. वि. देवस्थळी यांनी तयार केली. ती १९४४ सालची. या पोथ्यांना तेच दुपारचे ऊन मारक ठरते. एकाच इमारतीतील एक कला उन्हावर जगते आणि दुसरी उन्हाने मरते. विद्यापीठाच्या ग्रंथालयात कलावस्तूंचे प्रदर्शन मांडावयाचे म्हणजे या दोहोंचा मेळ घालावयाचा. हा प्रश्न एकट्या मुंबई विद्यापीठापुरता नाही. जिल्ह्याच्या गावच्या शतायु वाचनालयापुढे आणि वाचन प्रेरणा दिनाला ग्रंथप्रदर्शन भरविणाऱ्या शाळेपुढेही तो असतो. फरक इतकाच की तेथे तो बहुधा कोणाच्या लक्षात येत नाही.

दान, मनोरा आणि मूर्ती

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. त्या काळी विद्यापीठ परीक्षा घेत असे आणि पदव्या देत असे. स्वतःचे ग्रंथालय त्याला नव्हते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, मुंबईच्या कापसाचा भाव गगनाला भिडला आणि शहरात पैशाचा पूर आला. त्या पुरातले मोठे नाव प्रेमचंद रायचंद यांचे. त्यांनी १८६४ साली ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये आणि पाठोपाठ मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये विद्यापीठाला दिले. मनोऱ्याला आपल्या मातोश्री राजाबाई यांचे नाव द्यावे, एवढी त्यांची इच्छा होती. राजाबाईंना दृष्टी नव्हती. जैन आचारानुसार सूर्यास्तापूर्वी भोजन व्हावे म्हणून त्यांना घड्याळाचे टोले उपयोगी पडत, अशी आख्यायिका सांगितली जाते. पुढच्याच वर्षी, १८६५ मध्ये, सट्ट्याचा फुगा फुटला. अनेक पेढ्या बुडाल्या, प्रेमचंदही त्या आपत्तीत सापडले. विद्यापीठाच्या हाती सोपविलेली रक्कम मात्र सुरक्षित राहिली. १ मार्च १८६९ रोजी कोनशिला बसली आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये बांधकाम पूर्ण झाले.

आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुशिल्पज्ञाचा. त्याने हिंदुस्थानात कधी पाऊल टाकले नाही. नकाशे लंडनहून आले. पण दगड येथला होता, कारागीर येथले होते आणि एक गोष्ट तर लंडनला सुचणे शक्यच नव्हते. सुमारे ८५ मीटर उंचीच्या या मनोऱ्यावर पश्चिम भारतातील निरनिराळ्या जाती-जमातींचे प्रतिनिधित्व करणाऱ्या २४ मूर्ती आहेत. युरोपातील चर्चच्या मनोऱ्यावर जेथे संतांचे पुतळे उभे राहतात, तेथे मुंबईत पागोटी आणि अंगरखे घातलेली येथलीच माणसे उभी राहिली. या मूर्तींचे नमुने तयार केले रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी. ते या बांधकामावरचे सहायक अभियंता होते. स्कॉटचे नाव प्रत्येक मार्गदर्शिकेत येते. मुकुंद रामचंद्रांचे नावही मराठी वाचकांच्या ओठी असावयास हवे होते.

या मूर्तींच्या बाबतीत प्रदर्शनाची एक मूलभूत अडचण दिसून येते. त्या इतक्या उंच आहेत की साध्या डोळ्यांना वेशभूषेचे बारकावे दिसत नाहीत. सर्वांसमोर असूनही न दिसणारी ही कला आहे. अशा वेळी जवळून घेतलेली छायाचित्रे माणसाच्या नजरेच्या उंचीवर, खालच्या मजल्यावर लावणे हेच खरे प्रदर्शन ठरते. वस्तू उपलब्ध असणे वेगळे आणि ती पाहणाऱ्यापर्यंत पोचणे वेगळे.

काच : उन्हाला न भिणारी

खिडक्यांतील या चित्रकाचांना इंग्रजी शब्द स्टेन्ड ग्लास असा आहे. पुष्कळांची समजूत अशी की साध्या काचेवर रंगाने चित्र काढले की झाले. वस्तुस्थिती तशी नाही. रंग काचेच्या अंगातच असतो. काचेचा रस वितळलेला असताना त्यात धातूंची संयुगे मिसळतात. कोबाल्टने निळा, तांब्याने किंवा सोन्याने तांबडा, लोहाने हिरवट, मँगनीजने जांभळा रंग येतो. चांदीचे संयुग काचेवर लावून भट्टीत घातले की पिवळा रंग उमटतो. चेहऱ्याचे नाक-डोळे, वस्त्राच्या चुण्या वगैरे रेषा काढण्यासाठी काचेची पूड आणि धातूची भस्मे यांचे मिश्रण वापरतात; तेही सहाशे अंशांच्या पुढच्या उष्णतेत भाजून काचेशी एकजीव करतात. मग आराखड्याबरहुकूम कापलेले काचेचे तुकडे शिशाच्या खोबणीदार पट्ट्यांत बसवून जोडतात. असे चित्र शतकानुशतके उन्हात राहिले तरी विटत नाही, कारण त्यात विटण्यासारखे काही नसते.

मग बिघडते काय? बिघडते ते शिसे. शिसे मऊ असते. दिवसा तापून ते प्रसरण पावते, रात्री आकसते. वर्षानुवर्षे हे चालले की ते थकते, तडकते आणि संपूर्ण तावदान पोटाशी फुगून येते. तावदानाला आधार देणाऱ्या लोखंडी सळ्यांना समुद्राच्या खाऱ्या हवेने गंज चढतो. गंजलेले लोखंड फुगते आणि शेजारची काच किंवा दगड फोडते. पट्टीतील लांबी वाळून गळून पडते आणि मुंबईचा पाऊस आत शिरतो. त्यावर कोणी साधी काच किंवा पत्रा ठोकून तात्पुरती डागडुजी केली की मूळ चित्राचा तेवढा भाग कायमचा जातो.

राजाबाई मनोरा आणि ग्रंथालयाच्या इमारतीच्या जीर्णोद्धाराचे काम २०१३ साली हाती घेण्यात येऊन २०१५ मध्ये पूर्ण झाले. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीने आर्थिक साहाय्य दिले, इंडियन हेरिटेज सोसायटीने पुढाकार घेतला आणि वास्तुसंवर्धनाची बाजू ब्रिंदा सोमाया यांनी सांभाळली. चित्रकाचांचे काम हा त्यातील अत्यंत जिकिरीचा भाग. अशा कामात प्रत्येक तावदानाचे आधी छायाचित्र घेतात, शिशाच्या जाळीचा ठसा कागदावर उतरवून ठेवतात, तुकड्यांना क्रमांक देतात आणि मगच ते सुटे करतात. स्वच्छता मऊ कुंचल्याने आणि शुद्ध पाण्याने, साबण-सोडा नाही. तडकलेली काच टाकून न देता जोडून घेतात, कारण दीडशे वर्षांपूर्वीच्या काचेतील बारीक बुडबुडे आणि कमी-अधिक जाडी आजच्या कारखान्यातील काचेत सापडत नाही. २०१८ साली या इमारतीच्या संवर्धनास युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत गुणवत्ता पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तूंचा समूह जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. ही इमारत त्या समूहात आहे.

कागद : उन्हाने खर्च होणारा

काचेचे नुकसान दुरुस्त करता येते. कागदावरचा उडालेला रंग परत आणता येत नाही. हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे पुढचे सगळे समजावयास सोपे जाते.

प्रकाश मोजण्याचे परिमाण लक्स हे आहे. हस्तलिखिते, जलरंगातील चित्रे, जुनी पत्रे यांच्यावर प्रदर्शनात ५० लक्सहून अधिक प्रकाश पडू नये, असा संग्रहालयांचा जगभर रूढ असलेला दंडक आहे. पन्नास लक्स म्हणजे मंद दिव्याचा उजेड. डोळे दोन-चार मिनिटांत त्याला सरावतात. पण तीव्रता हा अर्धाच हिशेब झाला. कागदावर परिणाम होतो तो एकूण साचलेल्या प्रकाशाचा. पन्नास लक्सच्या उजेडात, रोज आठ तास, नव्वद दिवस एखादे पान मांडून ठेवले तर त्यावर ३६,००० लक्स-तास इतका प्रकाश पडतो. भर दुपारचे थेट ऊन सुमारे एक लाख लक्सचे असते. म्हणजे तीन महिन्यांच्या काटेकोर प्रदर्शनात जेवढा प्रकाश त्या पानाने सोसला, तेवढा उघड्या उन्हात बावीस मिनिटांत पडतो. खिडकीजवळच्या टेबलावर दोन हजार लक्स धरले तरी सव्वादोन दिवस पुरेत. उन्हातील अतिनील किरणांचा अपाय यात धरलेलाच नाही. ग्रंथदिंडीत पालखीत उघडी ठेवलेली सचित्र पोथी एका सकाळी किती वर्षांचे आयुष्य खर्च करते, याचा अंदाज यावरून यावा.

‘खर्च’ हाच येथे योग्य शब्द होय. प्रत्येक पानाजवळ प्रकाशाची ठरावीक शिल्लक असते. प्रदर्शन म्हणजे त्या शिलकीतून काढलेली रक्कम. पान पुढे अंधारात ठेवले म्हणून ती परत जमा होत नाही. विश्रांतीने पानाचा थकवा जातो, ही समजूत चुकीची आहे. म्हणूनच जाणती ग्रंथालये एकच पान वर्षानुवर्षे काचेखाली न ठेवता दर काही महिन्यांनी पाने बदलतात, म्हणजे खर्च सर्व पानांवर विभागला जातो. आपली पोथी या कामी सोयीची आहे. तिची पाने सुटी असतात. दोन पाने प्रदर्शनात, बाकीची बासनात, असे करता येते. बांधलेल्या पुस्तकाला ती सवलत नाही. त्याला एकाच ठिकाणी उघडून ठेवावे लागते आणि खाली आधार न देता सपाट उघडले तर त्याचा कणा मोडतो.

कोणते रंग किती टिकतात याविषयी मात्र सरसकट विधान करू नये. आपल्याकडील पोथ्यांची काळी शाई काजळापासून करीत. काजळ म्हणजे कोळसा. तो उन्हाने विटत नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या मोडी दस्तऐवजातील अक्षर आजही ठसठशीत दिसते ते यामुळे. ही शाई डिंकात खललेली असल्याने तिला भय आहे ते पाण्याचे. श्लोकांचे अंक आणि समासाच्या रेघा हिंगुळाने काढीत. हिंगूळ प्रकाशाने कधी कधी काळवंडतो. हळदीसारखे वनस्पतिजन्य रंग सर्वांत कच्चे. कपड्यावरचा हळदीचा डाग धुऊन उन्हात टाकला की नाहीसा होतो, हे घरोघरी ठाऊक आहे; पानावरच्या चित्रातील तशाच रंगाची तीच गत होते. उलट, ज्यांना कोणी जुने म्हणत नाही अशा वस्तू फार नाजूक असतात. स्वातंत्र्यसैनिकाने झरणीच्या निळ्या शाईने लिहिलेले पत्र, चक्रमुद्रित पत्रक, चाळीस वर्षांपूर्वीचे रंगीत छायाचित्र, वर्तमानपत्राचे कात्रण. प्रदर्शनात पोथीला काचपेटी मिळते आणि हे पत्र चारी बाजूंनी टाचण्या मारून फळ्यावर लागते. प्रकाशापुरते बोलावयाचे तर व्यवस्था नेमकी उलटी हवी.

हरताळाची गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. पोथी लिहिताना चूक झाली तर लेखक त्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप देई आणि त्यावर पुन्हा लिही. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तेथूनच आला. हरताळ हे सोमलयुक्त खनिज आहे. त्यामुळे कीड दूर राहते, पण ते विषारीही आहे. पोथीची पाने उलटताना बोट जिभेला लावू नये, हा जुन्या मंडळींचा दंडक केवळ पावित्र्यापोटी नव्हता.

प्रकाशाची ही अडचण ओळखून इतर देशांतील विद्यापीठांनी काढलेले दोन मार्ग पाहण्यासारखे आहेत. मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या चारही बाहेरच्या भिंती चित्रांनी व्यापल्या आहेत. चित्रांचे क्षेत्रफळ सुमारे ४,००० चौरस मीटर. चित्रकार व वास्तुशिल्पज्ञ हुआन ओगोर्मान याने भिंतींना रंग लावलाच नाही. त्याने देशभरातून नैसर्गिक रंगांचे दगड गोळा केले आणि त्यांच्या तुकड्यांची जडणी केली. निळा दगड मनाजोगा मिळेना, तेव्हा तेवढ्यापुरती रंगीत काच वापरली. १९५० च्या दशकात उभे राहिलेले हे काम उन्हापावसात आहे. दुसरे उदाहरण अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या दुर्मीळ ग्रंथांच्या बायनेकी ग्रंथालयाचे. १९६३ सालच्या या इमारतीला खिडक्याच नाहीत. भिंतींच्या जागी संगमरवराच्या पातळ शिळा बसविल्या असून, त्यांतून झिरपणारा मंद, मधाळ उजेडच काय तो आत येतो. एकाने न विटणारी कला उन्हात आणली. दुसऱ्याने विटणाऱ्या ग्रंथांसाठी ऊनच गाळून घेतले. पैसा असला की दोन्ही साधते हे खरे, पण त्यामागचा विचार फुकट मिळतो.

पेटी, पावसाळा आणि पडदा

आपल्याकडे प्रकाशाच्या जोडीला दमटपणा आहे. पावसाळ्यात मुंबई-कोकणात हवेतील आर्द्रता दिवसेंदिवस ऐंशी टक्क्यांच्या पुढे राहते. पासष्ट-सत्तरच्या वर ती रेंगाळली की बुरशी धरू लागते. हस्तलिखितांना पन्नास ते साठ टक्क्यांच्या दरम्यानची आणि मुख्य म्हणजे फार चढउतार न होणारी हवा मानवते. दिवसा वातानुकूलन चालू आणि रात्री बंद, ही काटकसर कागदाला बाधते. त्यापेक्षा पंख्याची मोकळी हवा बरी.

काचपेटी स्वतःही निर्दोष नसते. नव्या प्लायवुडमधून, ताज्या रंगातून आणि डिंकातून आम्लयुक्त वाफा निघतात आणि बंद पेटीत त्या कोंडतात. उद्घाटनाच्या आदल्या रात्री रंगविलेल्या पेटीत पोथी ठेवणे हे म्हणूनच धोक्याचे. पेटीच्या आत दिवा असेल तर ती तापते. बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीला टेकून पेटी ठेवू नये. खिडकीसमोर तर नाहीच. एक अत्यंत स्वस्त आणि जगातील मोठ्या संग्रहालयांतही वापरला जाणारा उपाय म्हणजे पेटीवर जाड कापडाचा पडदा. पाहणाऱ्याने तो स्वतः उचलावा, पाहावे आणि सोडून द्यावा. आठ तासांचा प्रकाश त्यामुळे अर्ध्या तासावर येतो. शिवाय पडदा उचलून पाहिलेली वस्तू मुलांच्या अधिक लक्षात राहते.

आपल्या पूर्वजांची व्यवस्थाही हीच होती. पोथीला वर-खाली लाकडी पाटी, त्यावर घट्ट बांधलेले तांबडे बासन, आत वेखंडाची पुरचुंडी किंवा कडुनिंबाचा पाला. पाटीमुळे पान मुडपत नाही, बासनामुळे उजेड, धूळ आणि दमट हवा आत जात नाही, वेखंडाने कसर दूर राहते. ती पोथी बाहेर निघे पारायणाला, आणि परत बासनात जाई. त्याच्या तुलनेत आज जतनाच्या नावाखाली जे केले जाते त्यातील काही पाहून वाईट वाटते. फाटलेल्या पानावर चिकटपट्टी लावतात. ती दहा-पंधरा वर्षांत पिवळी पडून गळते आणि तिचा डाग कागदात कायमचा उतरतो. सनदा आणि प्रमाणपत्रे प्लास्टिकमध्ये उष्णतेने पक्की बंद करून घेतात. ती पुन्हा सुटी करता येत नाहीत. जे केलेले उलटविता येणार नाही ते करू नये, हा संवर्धनाचा पहिला नियम होय.

मग सर्व काही बासनात बांधून कुलूप लावावे काय? तसे केले तर ग्रंथालयाचे गोदाम होईल. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांतील पहिलेच सूत्र ग्रंथाच्या उपयोगाविषयी आहे. ज्या विद्यार्थ्याने मोडी दस्तऐवजाचा जुन्नरी कागद कधी पाहिला नाही, त्याला तो जपावा असे का वाटावे? यावर मध्यम मार्ग म्हणजे उत्तम प्रतिकृती. पानाचे काळजीपूर्वक छायाचित्र घेऊन ते मूळ आकारात, मूळ रंगात छापावे आणि वर्षभर तेच मांडावे. मूळ पान वर्षातून चार-आठ दिवस काढावे. प्रतिकृतीखाली ‘ही प्रतिकृती आहे’ असे ठळक लिहिले पाहिजे. प्रेक्षकाला फसवून दाखविलेली वस्तू, मग ती कितीही सुंदर असो, विद्यापीठाच्या दालनात शोभत नाही. वस्तूजवळची पाटीही नीट लिहावी. काय आहे, कोठून आले, कोणत्या काळचे आहे आणि त्यात काय पाहावे, एवढे चार-पाच ओळींत मराठीत सांगितले की पुरे. पाहुण्यांच्या नावांचा फलक मोठा आणि वस्तूंची माहिती बोटाएवढी, असे प्रकार आता थांबावेत.

गावातील ठेवा

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला आणि शासनमान्य वाचनालये खेडोपाडी पोचली. यांतील अनेकांच्या कपाटांत, देवळांत, मठांत आणि जुन्या वाड्यांत हस्तलिखिते आहेत. शाळेच्या शतकमहोत्सवात किंवा मराठी भाषा गौरव दिनी ती मागून आणली जातात, मांडली जातात आणि घाईघाईने परत केली जातात. त्या गर्दीत चार पाने गहाळ झाली तर घेणाऱ्याला पत्ता लागत नाही आणि देणाऱ्याला बोलता येत नाही. पुढच्या वेळी मात्र ते घर पोथी देत नाही. यावर उपाय साधा आहे. वस्तू ताब्यात घेताना मालकासमोर पाने मोजावीत, फाटलेले-डागाळलेले जे असेल ते टिपून घ्यावे, छायाचित्र काढावे आणि दोघांच्या सह्यांची पावती द्यावी. परत करताना तीच पावती पुढे ठेवून पुन्हा मोजावे.

कायद्याची बाजूही सरपंच व शिक्षकांना ठाऊक असावी. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ अन्वये किमान शंभर वर्षांची कलावस्तू पुरावस्तू समजली जाते. ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा कलात्मक मूल्याच्या हस्तलिखितांच्या बाबतीत ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांचीच आहे. सचित्र हस्तलिखितांची नोंदणी करून घ्यावी लागते आणि पुरावस्तू खासगीरीत्या देशाबाहेर पाठविणे हा गुन्हा आहे. जुन्या पोथीला चांगले पैसे देतो म्हणून दारी आलेल्या अनोळखी गृहस्थाला हे सांगितले तर तो बहुधा पुन्हा येत नाही. सल्ल्यासाठी पुण्यात १९१७ साली स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरासारख्या, हस्तलिखितांत हयात घालविलेल्या संस्था राज्यातच आहेत. केंद्र शासनाने २००३ साली राष्ट्रीय हस्तलिखित अभियान सुरू केले होते. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ अभियानाची घोषणा होऊन एक कोटीहून अधिक हस्तलिखितांच्या सर्वेक्षणाचे व जतनाचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. त्या सर्वेक्षणाची वाट न पाहता गावातील ठेव्याची यादी शाळेतील मुलेही करू शकतील.

प्रकाशाचा परिणाम मुलांना दाखविण्यासाठी लक्समापकाची गरज नाही. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळविलेली कापडाची पट्टी, वर्तमानपत्राचा तुकडा आणि निळ्या शाईने लिहिलेला कागद ही तीन एका पुठ्ठ्यावर बाजूबाजूला लावावीत, प्रत्येकाचा अर्धा भाग जाड काळ्या कागदाने झाकावा आणि पुठ्ठा वर्गाच्या खिडकीत महिनाभर ठेवावा. महिन्याने झाकण काढले की पट्टीचा झाकलेला अर्धा भाग पिवळाधमक आणि उघडा अर्धा फिकट दिसतो. तो पुठ्ठा वाचनालयातील काचपेटीच्या शेजारीच टांगून ठेवावा.